डोमाजीची पात

साधना ‘झारमोर-दोन’मध्ये पहिल्यांदा उतरली आणि तिने सगळ्यात आधी जमीन बघितली. बाकीचे खेळाडू आभाळातले गरुड आणि बर्फाचे किल्ले बघत आ वासून उभे होते. ही आपली वाकून शेत न्याहाळतेय.

“नाजिया, हे पाय. गहू पिवळा पडला आन् बुडाशी पानी साचून हाय. कोन पेरला असंन हा?”

“तू खेळाले आली का पीकपाहणीले?” नाजिया म्हणाली.

दोघी अकोटात नाजियाच्या दुकानात बसल्या होत्या. मागच्या अर्ध्या दुकानात नाजियाचे अब्बा गयासुद्दीन गाद्या भरत आणि पुढच्या अर्ध्यात नाजियाने चार कॉम्प्युटर मांडले होते. कापसाचे बारीक तंतू कीबोर्डवर बसायचे, ते रोज सकाळी झटकावे लागत. साधना बत्तीस वर्षांची, अकोल्यात बीएस्सी झालेली, वडिलांबरोबर आठ एकर कसणारी. आठवड्यातून तीनदा एसटीने अकोटला यायची ती या खेळासाठी. पंजाबरावच्या पोरीला हे काय थेर सुचतात, असं गाव म्हणे. म्हणो बापडं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

जुन्या झारमोरमध्ये साधना म्हणजे डोमाजी, कुऱ्हाड घेतलेला बुटका आणि बावीस जणांच्या टोळीचा नायक. तिच्या आजोबांचं नाव डोमाजी होतं, तेच तिने दिलं. चार वर्षं एकेक माणूस जोडून तिने ही टोळी उभी केली होती आणि तीही नुसतं टाइप करून, तोंडातून शब्द न काढता. टोळीत नाजियाही होती, बाकीचे बहुतेक जण पुण्याकडचे. त्यांच्या डोळ्यांपुढचा डोमाजी कोणी मिशाळ बाप्या असणार.

नव्या खेळाने नेमका तिथेच खोडा घातला. जुनी शस्त्रं आणि जुना पराक्रम गेला, फक्त नावं शाबूत राहिली. लढाईत टाइप करणं बंद झालं, माइकवर बोलूनच टोळी चालवायची. आणि नायकपद पहिल्याच दिवशी पुन्हा मिळवायचं होतं. राखेचं मैदान पार करायला टोळीला तीन डाव, आणि ज्याच्या हाकेवर टोळी पार होईल तो नायक.

पहिले दोन डाव साधना गप्प राहिली. माइक बिघडलाय, असं तिने लढाईआधी टाइप केलं. ते खोटं होतं. कॉलेजात एका मॅडमनी तिच्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करून सगळा वर्ग हसवला होता, ते अजून सलत होतं. मग वज्रसेन नाव घेतलेला पुण्याचा एक जण पुढे झाला आणि त्याच्या हाकेवर टोळी दोनदा जळाली. मैदानात गवतातून निखारे उगवायचे, ते विझवत पलीकडे जायचं होतं. पण जिथे जाळ मोठा तिथे बक्षीस मोठं, म्हणून सगळे तिकडेच धावत. तेवढ्यात कडेचे बारके निखारे पाठीमागून घेरत.

आता एकच डाव उरला होता. नाजियाने माइक साधनाच्या पुढ्यात सरकवला. “बोल नं गे. चार सालकी मेहनत त्या येड्याच्या हाती देते का?”

साधना बोलली. “मी डोमाजी. हा डाव मी चालवतो.” वऱ्हाडात बाईही ‘चालवतो’च म्हणते.

हेडफोनमधून कानात हशा उसळला. “अरे, ही तर बाई आहे!” “आणि भाषा ऐकलीस का?” वज्रसेनला मात्र दया आली, आणि ती त्या हसण्यापेक्षा वाईट होती.

“ताई, तुम्ही कुठून बोलताय?”

“अकोटहून. जिल्हा अकोला.”

“अरेरे, म्हणजे विदर्भ! टीव्हीवर बघतो ना आम्ही, काय हाल चाललेत तिकडे. तुम्ही कशाला ही दगदग करता? नायकपद मी सांभाळतो. आणि आम्ही सगळे मिळून तुम्हाला सोन्याचं चिलखत देतो. आमच्याकडून मदत समजा.”

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत टीव्हीवाल्यांच्या गाड्या वऱ्हाडात रडके चेहरे शोधत फिरायच्या. एक जण तिच्या शेताच्या धुऱ्यावर येऊन म्हणाला होता, जरा डोक्याला हात लावून बसा. गावात दोन घरी खरंच आभाळ कोसळलं होतं, आणि त्या घरांसमोर तिने कॅमेरा उभा राहू दिला नव्हता. आता इथे, गरुडांच्या आणि किल्ल्यांच्या राज्यातसुद्धा, तीच कीव तिच्या वाट्याला आली होती.

“हे पाय भाऊ,” ती म्हणाली, “आमचं दुख आमी पाहून घेऊ. पन आमी इथं नुस्ते मरून नाई राहिलो. पेरतो, खातो, भांडतो आन् खेळतोबी. तुयं चिलखत तुयाजवळ ठेव. दोनदा जयला तू. आता मायं आइक.”

मग तिने जे सांगितलं, ते वऱ्हाडातल्या कुठल्याही तण निंदणाऱ्या बाईला ठाऊक असतं. बायका ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला शेताची एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. सगळ्यांनी बरोबरीने पुढे सरकायचं. एखादी मागे पडली, तर शेजारणींनी तिची अर्धी पात आपल्याकडे ओढायची, बोलून न दाखवता.

“बावीस जन, बावीस पाती. जाळ केवढाही मोठा दिसो, आपली पात सोडाची नाई. बक्षीस गेलं खड्ड्यात.”

डाव सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला एक जण उजवीकडच्या जाळाकडे सुटला.

“ए, काहून पयून राहिला? माघारी ये! तुयी पात काय तुया बाप इझवंन?”

तो मुकाट्याने परतला. ओळ सरकू लागली. मैदानाच्या मध्यावर वज्रसेनच्या पातीत मोठा डोंब उसळला आणि तो मागे पडला.

“मला सोडा! तुम्ही पुढे जा!” तो ओरडला.

“सोडाले काय झालं? नाजिया, त्याची पात डाव्या अंगानं ओढ. उजवीकडचा, तू बी ओढ. बाकीच्यायनं जाग्यावर थांबाचं.”

सगळी ओळ थांबली. पडद्यावरच्या घड्याळात डावाचं दीड मिनिट उरलं होतं. हे चुकलं तर चार वर्षांची टोळी हातची जाणार होती. पण मागे पडलेल्याला टाकून पुढे सरकणं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. नाजियाने जीव खाऊन पात ओढली, उजवीकडच्यानेही ओढली, आणि वज्रसेन धडपडत ओळीत आला.

“चाला!”

अकरा सेकंद राखून बावीसच्या बावीस जण पलीकडे पोचले. पडद्यावर अक्षरं उमटली, नायक: डोमाजी. नाजियाने अशी आरोळी ठोकली की मागे गयासुद्दीनचाचांच्या हातातली सुई थांबली.

“क्या हुआ? कोई मर गया क्या?”

“नई अब्बा, जीत गये!”

कानात पुण्याकडचा गलका चालला होता. तो ओसरल्यावर वज्रसेनचा आवाज आला. “खरंच कमाल केलीत, ताई. तिकडच्या परिस्थितीतसुद्धा तुम्ही...”

“परिस्थिती राहू दे,” साधना म्हणाली. “बुधवारी अकराले पुढचं मैदान हाय, टायमावर ये. आन् ताई म्हनाचं असंन तं अकोटाले ये, पोटभर जेवू घालतो. इथं नायक म्हन.”

तिकडे कोणीतरी खुदकन हसलं, पण या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं. साधना माइक धरून बसून राहिली. उत्तर ऐकल्याशिवाय ती उठणार नव्हती.

“हो, नायक,” वज्रसेन म्हणाला.