कबुतराच्या कमरेतला तोल

बाळाच्या तापात ती घरी अडकली, आणि तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी तिचं सगळं संशोधन स्वतःच्या एकट्याच्या नावावर चढवलं. परिषदेच्या पत्रिकेत तिचं नाव औषधालाही नव्हतं.

"सोडून दे गं," आई बाळाला थोपटत म्हणाली. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा कसला, आई! कबुतर फडफडलं तरी टेबलामागे लपतो तो माणूस."

ती भांडली नाही. सरांनी भाषणासाठी फाईल मागितली, तिने हसून दिली. फक्त कबुतराचं डोकं कड्यात धरून केलेला प्रयोग त्यातून काढून टाकला.

परिषदेत सरांनी लांब उभं राहून मदतनिसाला डोळे बांधलेलं कबुतर दांडीवर बसवून दांडी फिरवायला लावली. कबुतराने शेपटी पसरली, पण ते पडलं नाही.

"तोल कळणारी एक जागा पक्ष्याच्या कमरेत, मज्जारज्जूतच आहे," सर ऐटीत म्हणाले. टाळ्या पडल्या. ती शेवटच्या रांगेत दातओठ खात बसून होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. "डोळे बांधलेत, ठीक. पण तोल कानातही कळतो ना? मग हे कमरेचंच काम कशावरून?"

सर पाणी प्यायले. पडद्यावर पुढचं चित्र आणलं, मागचं आणलं. घाम पुसला.

"तो तपशील... ही सांगेल. ये गं, लाजू नकोस."

ती उठली. पर्समधून मऊ कडं काढलं.

"सांगते की. आधी तुम्ही सांगा, सर. हे काम कोणाचं?"

"अगं, आपलंच की!"

"आपलं म्हणजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सरांनी काकुळतीला येऊन तिच्याकडे पाहिलं. आपल्याला दया येईल अशी तिला धास्ती होती. नाही आली. उलट मनातून गार गार वाटलं.

"हिचं," सर पुटपुटले.

"माइकमध्ये, सर."

"हिचं आहे. सगळं हिचंच."

मग ती पुढे गेली. कबुतराचं डोकं तिने अलगद कड्यात स्थिर केलं. "आता फक्त धड झुकवायचं. डोकं जागचं हलत नाही, म्हणजे कानाला झुकल्याचा पत्ताच नाही. तरी शेपटी बघा काय करते."

सर हळूच आपल्या खुर्चीकडे निघाले होते.

"बसताय कुठे?" ती म्हणाली. "दांडी धरा."