लावलेत की ठोकळे

“तू गाडीतच बस,” असं म्हणून हे खाली उतरले, आणि मी अर्थातच बसले नाही. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाचा चढ चढताना एक ट्रक बंद पडला होता. भाताची पोती ठासून भरलेली, तोंड वर पुलाकडे, पाठ उताराकडे. त्याच्यामागे बसगाड्या, ऑटो, मोटरसायकली, आणि सगळ्यांचे भोंगे एकदम. सणाचा दिवस, जो तो घरी पळायच्या घाईत. त्यात माझं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं.

सण म्हणजे आयुधपूजेचा. आमच्या तंजावुरात त्या दिवशी कामाची हत्यारं देवीपुढे मांडतात, गंध-फूल वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी परत पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. आमच्याकडे मांडायचं काय, तर पान्हे, हातोडे आणि जॅक. बंद पडलेल्या मोठ्या गाड्या आमच्या क्रेनच्या गाडीने ओढून नेणं हा ह्यांचा धंदा. नाव रघोजी, पण पट्टुकोट्टैपर्यंतचा सगळा रस्ता ह्यांना अण्णा म्हणतो. सुंडलाचा, हरभऱ्याच्या उसळीचा, नैवेद्य दाखवतोय तोच फोन आला. आज दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे, असं मी दहादा म्हटलं. ह्यांनी देवीला हात जोडले, पान्हे उचलले आणि म्हणाले, उतारावर भरलेली गाडी उभी आहे, देवीला कळतं.

देवीला कळत असेल. मला धास्ती होती ती वेगळीच.

सांगूनच टाकते. माझा नवरा विसरायला लागला होता, आणि विसरतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. साध्या गोष्टी. कॉफी पिऊन पेला खाली ठेवायचा आणि कॉफी कधी देतेस म्हणायचं. पहिल्यांदा मी चिडले. मग घाबरले. मग गप्प बसले, आणि गप्प बसायची सवयच लागली मेली. चेन्नैला मुलगा आहे, चेतन, त्यालाही बोलले नाही. बोलले असते तर त्याने गाडी विकायला लावली असती, आणि गाडी विकल्यावर हा माणूस दिवसभर घरात करणार काय? वर्तमानपत्राच्या घड्या घालणार? म्हणून मी काय शहाणपणा केला, तर ह्यांच्यासोबत कामावर जायला लागले. घरी बसून कंटाळा येतो म्हणून सांगायची. आज मदतीचा माणूस सणाला गावी गेला होता, त्यामुळे निमित्तही शोधावं लागलं नाही.

ट्रकचा ड्रायव्हर प्रवीणकुमार पुलाच्या कठड्याला टेकून फोनवर मालकाची बोलणी खात होता. ह्यांनी आमची गाडी उलटी घेत ट्रकच्या तोंडाशी आणून लावली. आता ट्रक पुढून उचलून ओढायचा म्हणजे कामाला क्रम असतो, आणि तो इतकी वर्षं ऐकून मला स्तोत्रासारखा पाठ झालाय. आधी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. मग साखळ्या. मग गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवायचा, नाहीतर ओढताना चाकं आतले गिअर फिरवत राहतात, तेल पोचत नाही आणि गिअरबॉक्सची वाट लागते. ब्रेक सगळ्यात शेवटी. ट्रकमधली हवा गेली की मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळतात. ते सोडायला खाली शिरून दोन्ही चाकांपाशी एकेक बोल्ट फिरवावा लागतो. दांडा सुटला, ब्रेक सुटले, की मग त्या धुडाला उतारावर धरून ठेवणारे फक्त ठोकळे.

ड्रायव्हर लोक ठोकळे बाळगत नाहीत, हाताला लागेल तो दगड चाकाखाली सारतात. ह्यांना ते अजिबात खपत नाही. दगड घसरतो म्हणतात. आल्या आल्या पायाने दगड दूर लोटायचा आणि तिथे आपला ठोकळा ठोकून बसवायचा, ही ह्यांची जन्माची रीत. आजही दगड लोटल्याचा आवाज मी ऐकला. मग मी रस्त्यावर गेले, कारण एक टाऊन बस मधूनच घुसायला बघत होती आणि तिच्या कंडक्टरला माझ्याशी वाद घालायची हौस आली होती.

परत आले तेव्हा साखळ्या लागल्या होत्या, पण अजून ढिल्या होत्या. दांडा सुटून खाली पडला होता. ट्रकखालून ह्यांचे पाय बाहेर दिसत होते. एका बाजूचा ब्रेक मोकळा झाला होता, दुसऱ्या बोल्टवर पान्हा चढल्याचा आवाज आला. आणि माझी नजर चाकाकडे गेली. चाकाखाली काही नव्हतं. पलीकडच्या चाकाखालीही काही नव्हतं. दगड रस्त्याच्या कडेला लोटलेले, आणि ठोकळ्यांचा पत्ताच नाही.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडले तर दचकतील, आणि दचकून हात फिरला तर संपलंच. ढिली साखळी हातभर तरी ताणली जाणार, आणि खालच्या माणसाला हातभर खूप झालं. मी खाली वाकले आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हटलं, “अहो, पान्हा फिरवू नका.”

“का? होत आलं.”

“हात थांबवा आधी. ठोकळे नाहीत.”

“लावलेत की ठोकळे,” हे खालून म्हणाले. आवाजात जराही घाई नाही. “मीच लावलेत, वसू.”

मी प्रवीणकुमारला खूण केली. पोराचे हात पटापट चालले. त्याने एक दगड सारला, मी दुसरा. लुगड्याला ग्रीस लागलं, नख तुटलं, ते नंतर कळलं. दोन्ही चाकांमागे दगड घट्ट बसल्यावर मी म्हटलं, आता बाहेर या.

हे बाहेर आले ते तापूनच. दगड परत कोणी घातले, मी काढले होते, माझ्या कामात हात घालू नका, म्हणून प्रवीणकुमारवर तोंड सोडलं. मी म्हटलं, ठोकळे दाखवा. ह्यांनी चाकाखाली पाहिलं. पलीकडे जाऊन पाहिलं. आमच्या गाडीची पेटी उघडून पाहिली. पेटी रिकामी होती. तेव्हा मलाही उमगलं. ह्या वर्षी ह्यांनी ठोकळेही धुऊन देवीपुढे ठेवले होते. निघताना पान्हे उचलले, ठोकळे समईमागे तसेच राहिले.

“देवीपुढे आहेत,” मी म्हटलं. “घाईत राहिले. कोणाचंही राहील.”

हे पेटीचं झाकण धरून उभे होते. “राहिले ते सोड,” म्हणाले. “पण मी लावले, वसू. लावताना मला दिसतायत. हाताला जड लागले ते आठवतंय.”

मला रडू फुटलं, आणि ते प्रवीणकुमारने बघू नये म्हणून मी विनाकारण त्या टाऊन बसवाल्यावर खेकसले.

मग ह्यांनी स्वतः फोन काढून प्रतापसिंहला बोलावलं. तो आमच्यातलाच, तंजावुरी मराठी, हे काम ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता ओरत्तनाडूत स्वतःचा धंदा करतो. मोटरसायकलवर ठोकळे बांधून लगेच आला. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही त्याने, ह्याचे उपकार मी विसरणार नाही. त्याने ठोकळे बसवले. हे चाकांभोवती फिरले, प्रत्येक ठोकळ्याला हात लावून पाहिला, आणि ठीक आहे म्हणाले. प्रतापसिंह खाली शिरायला वाकला तर ह्यांनी त्याचा दंड धरला.

“मी बघितले म्हणून धरून चालू नकोस. तू स्वतः बघ.”

“अण्णा, तुम्ही बघितलंत तर…”

“तू बघ, मग शीर.”

तो पोरगा चाकांभोवती फिरून आला आणि मग खाली गेला. पुढचं काम सरळ झालं. दुसरा ब्रेक सुटला, साखळ्या ताणल्या, ट्रकचं तोंड उचललं, मागे लाल दिवा बांधला. ओढताना मागच्या ट्रकमध्ये कोणी बसायचं नसतं, म्हणून प्रवीणकुमार आमच्या गाडीत जाऊन बसला. ठोकळे काढायच्या आधी प्रतापसिंहने आमच्या गाडीची किल्ली ह्यांच्यापुढे धरली, नेहमीसारखी.

हे म्हणाले, “तू ने.”

मला वाटलं होतं, ही वेळ येईल तेव्हा भांडणं होतील, चेतनला बोलवावं लागेल, महिनाभर घरात अबोला राहील. तसलं काही झालं नाही. ह्यांनी गाडीतलं लाल फडकं घेतलं आणि मागच्या गाड्या थोपवायला रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात वर करून. मदतीच्या माणसाचं काम ते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पुढे आमची गाडी गुरगुरली आणि हळूहळू ट्रकला घेऊन चढ चढू लागली. ह्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं नाही.

“वसू,” हे म्हणाले, “आणखी काय काय केलंय असं वाटतंय मला, जे मी केलंच नाही?”

काही नाही हो, हे अगदी जिभेवर आलं होतं. इतके दिवस तेच तर म्हणत आले होते.

“अस्कं सांगू? सगळंच?”

“अस्कं सांग.”

मी सांगायला लागले. भाचीच्या, हरिताच्या लग्नाचा आहेर दिलाच आहे असं म्हणत हे माझ्याशी भांडले होते, तो आहेर अजून कपाटात आहे. धाकट्या भावाशी रोज फोनवर बोलतो म्हणतात, त्या भावाला जाऊन वर्ष व्हायला आलं. एकेक ऐकताना हे मान हलवत होते, बाजारातून काय आणायचं ते ऐकावं तसे. मध्येच एकदा “पुढे?” म्हणाले. गाडी पुलावरून पलीकडे उतरली, रस्ता मोकळा झाला, तरी ह्यांचा हात वरच होता. मागच्या बसवाल्याने भोंगा दाबून धरला. तेव्हा मी तो हात धरून खाली घेतला, ह्यांना कडेला आणलं, आणि पुढचं सांगायला लागले.