स्टेकला तीन शिट्ट्या

पद्माकर साठ्यांनी रविवारी सकाळी बायकोचा फोटो हॉलमधून काढून बेडरूममध्ये नेला आणि दार लावून घेतलं. फोटोसमोर बीफ शिजवणं बरं दिसलं नसतं. संजीवनीला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण तिला काही कळणार नाही, असं म्हणायची त्यांची अजून छाती नव्हती.

खटाटोप लेकीसाठी होता. नोकरी लागली तशी इरा सिंगापुरातच, पाया लेबार भागात मैत्रिणींबरोबर राहायला गेली. बाबांच्या तोआ पायोहमधल्या फ्लॅटवर यायची, पण उभ्या उभ्या. "जेवतेस?" म्हटलं की, "एट ऑलरेडी, बाबा." पद्माकररावांनी सगळा ठपका आपल्या वरणभातावर ठेवला आणि तिला एसेमेस केला: 'रविवारी दुपारी घरी स्टेक.' तासाभराने उत्तर आलं: 'हू इज धिस?'

मांस कच्चं राहू नये म्हणून त्यांनी ते आधी आलं-लसूण लावून नव्या कुकरमध्ये टाकलं, मग ओव्हनमध्ये ग्रिल केलं. शेजारी गाजर, ब्रोकोली आणि बटाटे. बटाट्यांना सवयीने जिऱ्याची फोडणी बसली.

इरा आली, चक्क बसली, आणि पहिल्याच घासाला थांबली.

"बाबा, हे काय केलंस?"

"तीन शिट्ट्या केल्या."

"स्टेकला कुकर? अलामाक!" ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. या घरात असं कोणी हसलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. पद्माकरराव बटाटा खात बघत राहिले.

मग तिची नजर भिंतीवर गेली. "आई कुठाय?"

"आत. अगं, बीफ! तिला चाललं असतं का?"

इराने काटा खाली ठेवला. "बाबा... आई आणि मी दर शुक्रवारी खाली हॉकर सेंटरमध्ये स्टेक खायचो. तिथल्या वेस्टर्न फूडच्या स्टॉलवर. तिला ब्लॅक पेपर सॉस डबल लागायचा."

शुक्रवारी संजीवनीचा उपास असे. 'तुम्ही जेवून घ्या,' म्हणायची. ते एकटेच जेवत. किती कडक उपास करते हो, असं चारचौघांत कौतुकही करत.

"मला नाही सांगितलंत कधी."

"आई म्हणायची, बाबांना वाईट वाटेल. रागावलास?"

"छे! बटाटा घे."

तिने बटाटे सगळे संपवले. स्टेक बशीच्या कडेला सरकवला. ती दाराशी चपला घालत असताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"सी हाऊ लाह, बाबा."

'बघू', म्हणजे बहुतेक नाहीच; इतकी वर्षं सिंगापुरात काढल्यावर याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. पद्माकररावांनी फोटो बाहेर आणला, टेबलावर इराच्या जागी टेकवून ठेवला. ताट वाढलं, भोवती पाणी फिरवलं. सॉस घरात नव्हता, म्हणून स्टेकवर मिरपूड दोनदा घातली. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यातला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत बसले. बराच वेळ चावावा लागला.

"मला विचारायचं तरी," ते फोटोला म्हणाले. "आलो असतो मी. बटाटे खाल्ले असते."