साडेआठच्या गाडीचा डबा

माझं वय विचारू नका, मित्रांनो. हवं तर अंगावरचे पोचे मोजा. तीन खणांचा, पितळेचा, बाजूला पट्टी अन् वर कडी असलेला डबा आहे मी. तुमच्या रंगीबेरंगी प्लास्टिकच्या डब्यांशेजारी मला ठेवलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. तरुणपणी मीही पत्र्याच्या डब्यांना हसलेलो आहे.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी छताला लटकत होतो. तिथून मला मन्मथप्पांनी खाली उतरवलं. निलंग्याकडच्या एका लहान गावात त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी माझ्या बुडाला बोटानं टिचक्या मारल्या, खणात पाणी भरून दहा मिनिटं मला हातात धरून उभे राहिले. दुकानदार वैतागला. "अप्पा, डबा घ्यायलात का म्हैस?" मन्मथप्पा शांतपणे म्हणाले, "माझी पोर सायन्सला हाय. पुस्तकावर आमटी सांडली तर तुम्ही येणार का पुसायला?" माझ्यातून थेंबही गळला नाही. मग झाकणावर नाव कोरलं गेलं, रुद्राणी मन्मथप्पा. त्या दिवशी मी फार मिजाशीत घरी आलो.

मराठवाड्यातल्या मुलांना एस.टी.चा डबा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. खेड्यातलं हुशार लेकरू लातूरला शिकायला खोली घेऊन राहायचं आणि त्याचं जेवण रोज गावाहून एस.टी.नं जायचं. सकाळी फाट्यावर आईबाप डबे घेऊन उभे असत. ड्रायव्हरच्या बाजूला आम्हा डब्यांचा ढीग लागे. लातूरच्या स्टँडवर मुलं येऊन आपापला डबा ओळखून नेत आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत पाठवत. आमच्या साडेआठच्या गाडीचे कंडक्टर भुजंगराव मला हातात घेतले की हमखास ओरडत, "डागदरीणबाईचा डबा आला का? मग सोडा गाडी!"

डॉक्टरीणबाई व्हायला अजून बराच अवकाश होता. रुद्राणी बारावीत होती. पण तिच्या मनात दिल्लीचं एक मोठं मेडिकल कॉलेज होतं. सगळ्या देशातून हजारो मुलं परीक्षा देत आणि मूठभर निवडली जात. आमच्या भागातून तिथं कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. रुद्राणीच्या गणिताच्या सरांनी तिला सांगितलं, तू बसून बघ. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

तो काळ कोरडा होता. लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्यांवरचा रंग नवा होता, पण संक्रांतीलाच विहिरींनी तळ दाखवला होता. रुद्राणीची आई दानम्मा, जिला ती अव्वा म्हणे, मला पाण्यानं न धुता राखेनं घासून फडक्यानं पुसायची. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या वरच्या खणात तूप घातलेला भात असे, मधल्या खणात आमटी आणि खाली दोन गरम भाकऱ्या. मला भरून झालं की नवरा-बायको चटणीशी कोरडी भाकरी खात. हे रुद्राणीला कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मी घरातला असल्यानं मला ठाऊक होतं.

आता एक बारकी गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. गरम भाकरीला वाफेचं पाणी सुटतं, म्हणून दानम्मा तिच्याखाली कागद घालायची. गावात वर्तमानपत्र येत नसे. मग रुद्राणी आपल्या सोडवून झालेल्या प्रश्नपत्रिका चार घड्या घालून रिकाम्या डब्यातून पाठवायची, रोज एक. अर्धा कागद छापलेला, अर्धा निळ्या शाईनं भरलेला. दानम्माला अक्षरओळख नव्हती. तरी त्या कागदाला कधी तिनं पाय लागू दिला नाही. आपल्या लेकीचं अक्षर आहे म्हणून ती घडी उलगडतही नसे, तशीच अलगद खणात बसवायची.

फॉर्म सरांनी दिल्लीहून मागवून दिला होता, एकुलता एक. त्यावर वडिलांची सही हवी होती आणि सोबत रहिवासाचा दाखला. बुधवारी तो टपालात पडायलाच हवा होता. रविवारी मन्मथप्पा दुकानाचा माल भरायला लातूरला आले तेव्हा फॉर्म अजून सरांकडे तपासायला होता, म्हणून बापलेकीचं ठरलं, की सोमवारी संध्याकाळी तिनं फॉर्म डब्यातून धाडायचा आणि मंगळवारी सकाळी सही होऊन तो परत यायचा. पण घरी पोचतात तो निरोप आला, दाखल्यासाठी लागणारा गावचा जुना कागद उस्मानाबादच्या दप्तरात आहे, सोमवारी स्वतः या. जिल्हा नवा झाला होता, कागद अजून जुन्याच ठिकाणी होते.

सोमवारी सकाळी मला गाडीत ठेवायला निघताना मन्मथप्पा बायकोला म्हणाले, "सांजेपतूर येतोच मी. समजा न्हाई आलो, तर पोरीचा फारम येईल डब्यात. जिवापाड जपून ठेव."

"फारम म्हंजे कसा असतंय वो?"

"सरकारी कागुद. लई मोलाचा."

दानम्मानं आयुष्यात मोलाचा सरकारी कागद एकच पाहिला होता, सासऱ्यांच्या शेताचं खरेदीखत. जाड, पिवळसर, लाल शिक्क्याचं, दोऱ्यानं बांधलेलं. ती मान डोलावून म्हणाली, "हाव, ठेवते."

त्या संध्याकाळी रुद्राणीनं माझा खालचा खण ओढणीनं दोनदा पुसला. तोच एक खण कोरडा असायचा. फॉर्म निळ्या शाईनं भरलेला होता, कोपऱ्यात फोटो चिकटवलेला. फोटो आत राहील अशा तिनं त्याच्या चार घड्या घातल्या, तो कपाळाला लावला आणि आत ठेवला. चिठ्ठी लिहिली नाही. डबा अप्पाच उघडणार, त्यांना सगळं माहीत आहे, असं तिला वाटलं.

अप्पा त्या दिवशी आले नाहीत. कागद सापडेपर्यंत कचेरी बंद झाली आणि ते उस्मानाबादच्या स्टँडवरच पथारी टाकून राहिले. फाट्यावर मला घ्यायला दानम्मा आली. घरी येऊन तिनं मला कंदिलाजवळ घेतलं. वरचा खण पाहिला, मधला पाहिला. खालच्यात रोजच्यासारखा घडी घातलेला कागद होता. तो तिनं चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि मग फॉर्म शोधायला मला उलटा करून हलवला. प्रत्येक खणात हात फिरवला. "आज न्हाई धाडला वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. मित्रांनो, तिच्या हातापासून फॉर्म वीतभर लांब होता.

मंगळवारी सकाळी तिनं तोच कागद खणात घातला आणि त्यावर तव्यावरच्या दोन भाकऱ्या ठेवल्या. पट्टी लावली. गावापासून लातूर दीड तासाचं. दीड तास ती वाफ माझ्या पोटात कोंडून राहिली आणि मी काही म्हणजे काही करू शकलो नाही. थेंब गळत नाही म्हणून ज्याला पसंत केलं होतं, त्या माझ्या अंगाचा मला त्या दिवशी इतका संताप आला!

रुद्राणीनं स्टँडवरच्या बाकावर मला उघडलं. भाकरी उचलली तर भिजून घडीतून सुटलेला फोटो तिच्या पाठीला चिकटून आला. शाई उतरून कागदावर निळं पाणी झालं होतं. नावाच्या जागी नाव नव्हतं. ती तशीच सरांकडे धावली. सरांनी कागद उजेडात धरला, उलटून पाहिला. "हा ते घेणार नाहीत, बाळा. दुसरा मागवायला आता दिवस उरले नाहीत."

खोलीवर येऊन ती माझ्यासमोर बसली. रडून झाल्यावर तिनं त्या निळे डाग पडलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. दोन्ही खाल्ल्या. दुष्काळात अव्वानं थापलेली भाकरी टाकायचं तिच्या हातून झालं नाही. संध्याकाळी तिनं मला परत धाडलं तेव्हा खालच्या खणात रोजच्यासारखी एक जुनी प्रश्नपत्रिका होती.

बुधवारी माझ्यासोबत मन्मथप्पाच साडेआठच्या गाडीनं आले. दाखला त्यांनी शर्टाच्या आत, छातीशी ठेवला होता. लातूर जिल्ह्याचा गोल शिक्का अजून कोरा करकरीत होता.

"काल सांजच्याला आलो बघ. तुझ्या अव्वानं दोन दिवस सगळा डबा धुंडाळला. फारम आलाच न्हाई म्हणली. कुठं हाय? दे, सही करतो, अन् हितूनच टपालात टाकू."

रुद्राणीच्या पिशवीत तो कागद होता. तिनं पिशवीवर हात ठेवला. अव्वाला काहीच कळलेलं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. मी वाट पाहत होतो.

"अप्पा, मी धाडायचाच विसरले. टपालात टाकायची तारीखही ध्यानातून गेली, ती कालचीच होती."

"इसरली?"

"हाव."

मन्मथप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दाखला बाहेर काढला, त्यावरची घडी अंगठ्यानं सारखी केली आणि तिच्या हातात दिला. "अच्छा. ठेव ह्यो. कवातरी लागंल." मग ते पाठ करून स्टँडकडे चालायला लागले. पुढचे कित्येक महिने ते लेकीशी कामापुरतंच बोलले.

दानम्माचं तसं नव्हतं. रुद्राणी घरी आली तशी अव्वानं तोंड सोडलं. "बाप तिकडं फरशीवर झोपला तुझ्यासाठी! आमी हितं कोरडं खाऊन तुला तूपभात धाडला, अन् तू तारीख इसरली? डोस्कं कुठं व्हतं तुझं?" पोर उंबऱ्यावर बसून खाली मान घालून ऐकत राहिली. मी फळीवर होतो. त्या सोमवारी रात्री याच फळीवर, माझ्या शेजारीच, तो फॉर्म ठेवलेला होता. मला तोंड आहे, पण ते नुसतं जेवण घालण्यापुरतं.

रुद्राणी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पण गावात तिचं नाव पडायचं ते पडलं. हुशार आहे, पण विसरभोळी. पुढं ती बी.एस्सी. झाली आणि किनवटकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला लागली. मला सोबत घेऊन गेली. तिथं जंगलातल्या पाड्यांवरून मुलींचे आईबाप यायचे, फॉर्म भरायला. रुद्राणीबाई आधी कोरा फॉर्म आईच्या हातात द्यायच्या. "धरा. उलटून बघा. ह्याला फॉर्म म्हणतात. असा दिसतो." बाया लाजून म्हणत, "आमाला काय कळतंय, बाई?" तरी त्या फॉर्म धरायलाच लावत. शिपायाला याची गंमत वाटे. मला वाटत नसे.

अप्पा गेल्यावर अव्वा किनवटला राहायला आली. सत्तरी उलटली होती, जेवण तुटलं होतं. एका दुपारी रुद्राणी तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. दोन घासांनंतर अव्वानं तिचा हात धरला.

"रुद्रा, एक बोलू का? लई दिसापासून मनात हाय."

"बोल की."

"तवा मी तुला लई टाकून बोलले. तू तारीख इसरली म्हणून तोंडाला येईल ते बोलले. लेकराच्या हातून व्हतंय असं. मी तुला कवाच माफ केलंय गं. तू बी माझं बोलणं मनात ठिवू नको."

रुद्राणीनं हातातली वाटी खाली ठेवली. मग ती हसली, अगदी खरं वाटेल असं. "माझीच चूक व्हती, अव्वा. तू बोलली ते बरोबरच बोलली."

"असू दे, असू दे," अव्वा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली आणि उरलेली भाकरी समाधानानं खाल्ली. आठ दिवसांनी ती गेली. जाताना तिच्या मनावर कसलंही ओझं नव्हतं. ते सगळं ओझं माझ्या रुद्राणीनं एकटीनं वाहिलं, आणि तिच्याकडे पाहताना आजही मला भरून येतं.

मित्रांनो, माझ्या जातीचे सगळे शेवटी एकच मागतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मला ते नको. तुम्ही मोठ्या परीक्षांचे फॉर्म भराल तेव्हा घरात ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात तो कागद आधी द्या. तुमच्यासाठी सगळ्यात जास्त तोच झिजत असतो. आणि उद्या तुम्ही आईबाप झालात, आणि तुमचं शहाणं लेकरू खाली मान घालून म्हणालं की मी विसरलो, तर बोलण्याआधी त्याला जवळ घेऊन बसा. त्यानं काही सांगितलं नाही तरी बसा. एवढं करा. मग मला चिंच लावून घासायचं राहिलं तरी चालेल.