गोविंदरावांच्या घरची एकुलती खुर्ची

मी गोविंदरावांच्या घरातली एकुलती एक खुर्ची बोलतेय. कुणी बसलं की मला बरं वाटतं, पण हल्ली ते सुख माझ्या वाट्याला येत नाही.

माझा जन्म झाशीच्या रेल्वे कारखान्यातला. सागवानी अंग, वेताची बैठक, रुंद हात. मी पहिल्यापासून साहेब लोकांची. साहेब बदलत गेले, पंख्याखालची माझी जागा तीच राहिली. समोर फायली घेऊन कारकून उभे राहत, त्यांतले एक गोविंदराव. साहेब कधी "बैठो" म्हणाले, तर ते म्हणत, "जी, ठीक हूँ सर." बसणारा कारकून साहेबांना खपत नाही, हे त्यांनी नोकरीला लागल्या लागल्याच हेरलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला लिलावातून घरी आणलं. पहिल्यांदा माझ्यावर बसले ते अशा ऐटीत, की त्यांच्या बायकोला, भानुमतीबाईंना, हसू आवरेना.

पुढे त्यांच्या लेकीला, बकुळला, मुलींच्या शाळेतून शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे ही शेवटची संधी. गोविंदरावांनी कंबर कसली. रोज संध्याकाळी ते माझ्यावर साहेब होऊन बसत आणि बकुळ समोर उभी. विचाराल ते पोरगी घडाघडा सांगायची.

"आणि बसा म्हणाले तर?"

"जी, ठीक हूँ सर."

"शाब्बास! लगेच बसलीस तर उद्धट समजतील."

भानुमतीबाई आतून म्हणाल्या, "अहो, एकदा तिला खुर्चीत बसवून तर बघा."

"साहेब लोक मला माहीत आहेत."

माहीत होतेच. पण ते साहेब केव्हाच गेले, हे या भल्या माणसाला कोण सांगणार? माझा जीव नुसता तुटत होता.

मुलाखतीहून बकुळ आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"काय विचारलं?"

"परत परत म्हणत होते, बैठिए. मी आपली 'ठीक हूँ'च म्हणत राहिले. माझ्याकडे मान वर करून बघून कंटाळले हो ते. मग मधल्या मॅडम म्हणाल्या, 'जो खुद बैठने से डरती है, वो क्लास क्या सँभालेगी?' पुढे काही विचारलंच नाही. मला सगळं येत होतं, बाबा."

गोविंदराव माझ्यावरून उठले.

"बकुळ, ये. इथे बस."

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

नोकरी दुसऱ्या मुलीला लागली. आता बकुळ सीपरी बाजार भागात शिकवण्या घेते. घरी आली की जमिनीवर बसून जेवते. गोविंदराव संध्याकाळी माझी पाठ धरून नुसते उभे राहतात. माझा वेत सैल पडत चाललाय. मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरी कुणाची मुलाखत असली, तर उत्तरं मागाहून पाठ करून घ्या. आधी त्याला समोर खुर्ची देऊन बसायला, बोलायला शिकवा. आपल्या वेळची रीत आज चालते का, तेही कुणाला तरी विचारा.

आणि कधी या घरी आलात, तर त्या बापलेकीपैकी एकाला हाताला धरून माझ्यावर बसवा. ते "ठीक आहे" म्हणतील. ऐकू नका.