पत्रिकेआडचा फासा

पाणी प्यायला उठायची बुद्धी अनुजाला नेमकी त्याच क्षणी झाली. माठ विनीतच्या पाठीमागे होता. पेला भरता भरता तिची नजर खाली गेली. उभ्या केलेल्या लग्नपत्रिकेआड विनीतने टाकलेला वीस बाजूंचा फासा पडला होता. त्यावर चार होते.

"सतरा!" विनीत ओरडला. "येसू तांडेल वाचली!"

धनेशने आनंदाने कॅरमबोर्डवर थाप मारली. अनुजा पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

लालबागच्या चाळीतल्या विनीतच्या खोलीत तीन वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चालला होता. विनीत गोष्ट रचायचा, अनुजा आणि धनेश तिच्यातली माणसं होऊन बोलायचे, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. जीवनमरणाचा फासा तेवढा विनीतनेच टाकायचा, तोही पत्रिकेआड. यम काय हात दाखवून येतो का, असं त्याचं म्हणणं. बाराच्या खाली आकडा आला की माणूस मेला. अनुजाची येसू, वादळात गलबत घालणारी तांडेल, अशा फाशातून नऊदा जिवंत सुटली होती.

खेळच तो, असं म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बीडीडी चाळीत वाढलेली अनुजा मुळात अशी, की नासकं दूध परत करायलाही धाकट्या भावाला पुढे करायची. दादरच्या ऑफिसात साहेब नको तिथे हात लावायला लागला, तेव्हा येसूने काय केलं असतं हे तिने मनाशी विचारलं आणि तक्रार लिहून दिली. उद्या अकराला चौकशी समितीपुढे बोलायचं होतं. तिच्याबरोबर साक्ष द्यायला तयार झालेल्या ऑफिसातल्या दोघींनी ऐनवेळी शेपूट घातलं होतं. अनुजा उभी होती ती येसूच्या जोरावर. आणि येसू विनीतच्या थापेवर जगत होती.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"काय किती वेळा?"

"मी फासा बघितलाय, विनीत. किती वेळा खोटं बोललास?"

विनीतचं तोंड उतरलं. "पाच... सहा वेळा असेल."

"कीव आली माझी?"

"घाबरलो गं. पहिल्या दिवशी तू नाव सांगतानापण दाराकडे बघत होतीस. येसू मेली असती तर तू परत आलीच नसतीस. मग सवयच लागली."

अनुजाला संतापाने रडू फुटलं. शत्रूने केलं असतं तर समजू शकलं असतं. यांच्यावर तर तिने घरच्यांपेक्षा जास्त विश्वास टाकला होता. "मग उद्या मी कुणाच्या जिवावर बोलू?"

शिवडीच्या गोदामात काम करणारा धनेश एरवी चार शब्दांवर पाचवा बोलत नसे. "एक मिनिट," तो म्हणाला. "फाशाचं याने खोटं सांगितलं, मान्य. पण आता मला वाचवायला गलबत मागे कुणी वळवलं? तू ना? हा वाचवणार, हे तुला माहीत होतं काय?"

माहीत नव्हतं. नवाच्या नऊ वेळा ती मरायच्या तयारीनेच पुढे झाली होती. दर वेळी घशाला पडलेली कोरड काही खोटी नव्हती.

अनुजाने डोळे पुसले आणि पत्रिका बोर्डवर आडवी केली.

"परत टाकतो," विनीत घाईने म्हणाला. "सगळ्यांसमोर, उघड्यावर."

"पडलेला फासा परत टाकत नाहीत. चार म्हणजे चार."

"अगं, उद्या तुझं ते आहे. निदान आज तरी नको मारूस तिला!"

अनुजाने नकारार्थी मान हलवली. येसूने धनेशला किनाऱ्याकडे कसं ढकललं, सुकाणू हातातून कसं सुटलं, ते सगळं तिनेच सांगितलं, एकदाही दाराकडे न बघता. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही.

"उद्या आम्ही येऊ तुझ्याबरोबर?" विनीतने खालच्या आवाजात विचारलं.

"या," ती म्हणाली. "पण आत मी एकटी जाणार."