भर दिवसा दिवे

"तोडून टाक ती वायर," विठोबा म्हणाला.

विनिताने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. मुरूडच्या नाक्यावरचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान पूर्वी तिचे वडील चालवायचे, आता ती चालवत होती. आयटीआय करून आली तेव्हा 'पोरगी काय वायरी जोडणार' म्हणणारेच आता तिच्या दारात गाड्या लावून उभे असत. विठोबाची जुनी जीप तर तिच्या वडिलांच्या वेळेपासून इथेच यायची, आता तो नवी गाडी घेऊन आला होता. पण दिवा पेटत नाही म्हणून येणारी माणसं तिने रोज पाहिली होती. दिवा पेटतो म्हणून तक्रार घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"कुठली वायर, काका?"

"ही पुढची. चावी फिरवली का पेटते ती. भर दुपारी."

"तो बिघाड नाही. दिवसाचेच दिवे आहेत ते, डीआरएल म्हणतात. इंजिन चालू झालं की आपोआप लागतात."

"उन्हात रस्ता दिसतोच हाय मला."

"तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाहीतच ते. समोरच्याला तुमची गाडी लांबून दिसावी म्हणून आहेत. फक्त पुढे लागतात, मागे नाही. आणि हे बघा." तिने काचेवरच्या आरशामागे बोट दाखवलं. तिथे हरभऱ्याएवढा काळा ठिपका होता. "हा डोळा. बाहेर उजेड किती आहे ते मोजत बसतो. उजेड कमी झाला की मोठे हेडलाइट लावतो. तेही जरा थांबून, नाहीतर नागावच्या वाड्यांतून जाताना प्रत्येक माडाखाली उघडझाप करत बसेल. तो नको असेल तर बटण फिरवून बंद ठेवा. पण या छोट्या दिव्यांना तुमच्या गाडीत बटणच नाही."

विठोबाने वाकून त्या ठिपक्याकडे पाहिलं.

"गाडीत पेशंट हाय का न्हाय, ते कळतं का या डोळ्याला?"

विनिताने पक्कड खाली ठेवली. म्हातारा का हट्टाला पेटलाय, ते आता तिच्या ध्यानात आलं.

आगरदांड्याहून मुरूडवरून अलिबागला जाणाऱ्या रस्त्याचा एक कायदा होता. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, पण बैलगाडीवाल्यापासून एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तो पाळत. भर दिवसा दिवे लावून गाडी आली की आत पेशंट आहे असं समजायचं आणि कडेला व्हायचं. विठोबाने बत्तीस वर्षं या रस्त्यावर जीप चालवली. ताडावरून पडलेला, फुरसं चावलेला, अडलेली बाई, सगळे त्याच्याच जीपमधून अलिबागच्या सिव्हिलला गेले. दोघी बायका तर रेवदंड्याच्या अलीकडेच बाळंत झाल्या. त्यातल्या एका पोराचं नाव विठोबाच ठेवलंय, आणि तो पोरगा हूडपणात कुणाला हार जात नाही.

या कायद्याला विठोबाच्या हातून एकदाच बट्टा लागला. पहाटे एका पेशंटला पोचवून तो रिकामा परत येत होता आणि उजाडल्यावरही दिवे बंद करायचे राहून गेले. नांदगावच्या पुढच्या वळणावर कृष्णाजी बैलगाडीत भाताची पोती घालून गिरणीकडे निघाला होता. त्याने दिवे पाहिले आणि बैल रस्त्याखाली घातले. चाक निसटलं, गाडी कलंडली आणि वर्षाचं भात खाडीच्या खाऱ्या पाण्यात गेलं. विठोबा धावत खाली उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या कृष्णाजीने पहिलं विचारलं ते एवढंच, "कोन हाय गाडीत?"

"कोन न्हाय. दिवे ऱ्हाऊन गेले."

कृष्णाजीने बैलांचं जू सोडवलं. मग म्हणाला, "पेशंट न्हाय ना? मंग बरंच झालं."

त्याने दोन मुस्काटात मारल्या असत्या तर विठोबाला सोसलं असतं. हे बोलणं मात्र त्याच्या जन्माला पुरलं. त्या दिवसापासून रिकाम्या गाडीचा दिवा त्याने दिवसा पेटू दिला नाही.

आता ती जीप भंगारात गेली होती. पनवेलला कंपनीत असणाऱ्या गणराजने बापाला पांढरीशुभ्र नवी गाडी आणून दिली. दिघीहून घराजवळच्या आगरदांडा जेट्टीवर उतरणारे पर्यटक काशीदला, नागावला पोचवायचे, एवढंच काम. पहिल्याच दिवशी राजपुरीजवळ एक म्हातारा सायकल घेऊन कडेला उतरला आणि हात जोडून उभा राहिला. गाडीत मागे पुण्याची चार माणसं वेफर्स खात बसली होती. विठोबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"वायर तोडली तर वॉरंटी जाईल," विनिता समजुतीने म्हणाली. "आणि खरं सांगू? चांगले दिवे आहेत हे, काका. जीव वाचतात लोकांचे."

"माज्या दिव्यांनी बी वाचलेत."

"मग मी नाही तोडणार. मला नाही पटत."

"बरं," विठोबा म्हणाला. "काळी चिकटपट्टी तरी हाय का दुकानात?"

झालं. दोन्ही दिव्यांवर चिकटपट्टी आली. उन्हाने तिचा गोंद सुटायचा, मग दर आठवड्याला नवी. संध्याकाळ झाली की तो ती सोलून टाकी आणि मोठे दिवे लावी. अंधारात दिवे झाकण्याइतका तो वेडा नव्हता. मुरूडच्या रिक्षा स्टँडवरचा दिपेश त्याला रोज विचारायचा, "काका, गाडीचे डोळे आलेत काय?" काशीदचे नारळवाले, बोर्लीचे बर्फवाले, सगळे त्या गाडीला 'पट्टीवाली' म्हणू लागले. घरी आवडाबाई तर हात धुऊन मागे लागली होती.

"लोकांचे नवरे म्हातारपनी दिवे लावतात," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "आमचे झाकत बसलेत."

विठोबा हसायचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आवडाबाई गप्प बसलेली त्याने फक्त झोपेत पाहिली होती, आणि झोपेतही खात्री नव्हती.

असं वर्ष दीड वर्ष गेलं. एका शुक्रवारी संध्याकाळी गणराज घरी आला आणि गाडीकडे पाहून भडकला.

"बाबा, पर्यटक फोटो काढून टाकतात याचे. मला ऑफिसात दाखवतात."

"टाकू दे."

"अहो, आता सगळ्याच गाड्यांना असतात हे दिवे. मोटारसायकलींचे तर बंदच करता येत नाहीत, कायदाच आहे. सगळा रस्ता दिवसभर पेटलेला असतो. तुम्ही दोन पट्ट्या लावून काय होणारे? तुमची ती दिव्यांची भाषा आता कुणाला येत नाही. तुम्ही एकटेच बोलताय."

पोरगा खोटं बोलत नव्हता, हे विठोबाला कळत होतं. आवडाबाईने मात्र मध्ये तोंड घातलं, "एकटे तर एकटे, बोलू दे त्यांना. तुजं काय जातं?" नवऱ्याला दुसऱ्या कुणी बोललेलं तिला खपत नसे, ते हक्काचं काम तिचं होतं.

"उद्या पट्ट्या काढा," गणराज म्हणाला. "नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला आवडाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि कप तिच्या हातातून पडला. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि शब्दांच्या जागी नुसता गोळा बाहेर आला.

गणराजला वाटलं, चक्कर आली. विठोबाने मात्र ओळखलं. अशी अकरा माणसं त्याने जीपमधून नेली होती. जे वेळेत पोचले ते पुढे बोलले-चालले. जे उशिरा पोचले त्यांतल्या बहुतेकांची वाचा गेली ती गेलीच. फोनवर मुरूडचे डॉक्टरही तेच म्हणाले, "इथे वेळ घालवू नका, थेट अलिबागला न्या. चार तासांच्या आत इंजेक्शन मिळालं पाहिजे." तालुक्याची अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन पुढे गेली होती. आणि वार होता शनिवार, त्यातून नाताळच्या सुट्ट्या. साठ किलोमीटर जायला आदल्या दिवशीच लोकांना चार तास लागले होते.

आवडाबाईला मागच्या सीटवर निजवलं. गणराज तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. विठोबा गाडीपुढे वाकला आणि नखांनी त्याने दोन्ही पट्ट्या ओरबाडून काढल्या. चावी फिरवली, मोठे दिवेही लावले, रुमाल खिडकीत अडकवला.

"बाबा, आज कोण बघणार ते?" गणराजचा आवाज फुटला होता.

विठोबाने गिअर टाकला.

राजपुरीपर्यंत गणराजचंच खरं होतं. समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे लावूनच येत होती. एका काळ्या गाडीने हॉर्नला हॉर्नने उत्तर दिलं आणि वाट दिली नाही. विठोबाने पुन्हा हॉर्न दाबला. आरशात त्याने मागे पाहिलं. आवडाबाई छताकडे बघत होती.

मुरूडच्या नाक्यावर दिपेश रिक्षात पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली, रोजची थट्टा ओठांवर आलीच होती, आणि तो तसाच थांबला. पट्टीवाल्या गाडीचे दिवे पेटले होते. दीड वर्षात भर दिवसा हे कधी घडलं नव्हतं.

"काकांचे दिवे लागलेत," तो स्टँडवर ओरडला. "रिक्षा आत घ्या. पेशंट हाय."

पाच रिक्षा मागे सरकल्या. दिपेशने एका हाताने पर्यटकांची बस अडवली, दुसऱ्या हाताने पुढे काशीदला फोन लावला. विनिता दुकानातून धावत आली आणि चौकाच्या दुसऱ्या तोंडाला आडवी उभी राहिली. गाडी मधून निघून गेली.

नांदगावच्या वळणावर कृष्णाजीची बायको कमळाबाई जामची फळं आणि शहाळी विकायला बसते. कृष्णाजी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याकडे फोन नव्हता, तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं. तिने नुसते दिवे पाहिले, आणि ती पंच्याहत्तर वर्षांची बाई पदर खोचून रस्त्याच्या मधोमध गेली आणि मुंबईच्या चार गाड्यांना तिने शहाळ्याच्या कोयत्याने थांबवलं. काशीदला नारळवाले रांगेने उभे होते. बोर्लीला बर्फाचा टेम्पो आडवा लावून गल्लीतली गर्दी रोखून धरलेली होती. साळावच्या पुलावर एसटीवाल्याने भरलेली गाडी मागे घेतली. आतल्या कुणी तरी विचारलं असणार, कारण तो खिडकीतून मागे वळून म्हणाला, "विठोबाचे दिवे हायत ते. खोटे न्हाय लागत."

ते मागच्या सीटवर ऐकू गेलं. गणराजने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

सव्वा तासात गाडी सिव्हिलच्या दारात लागली. तपासणी झाली, इंजेक्शन गेलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आता वाट बघू." विठोबा रात्रभर बाकावर बसून राहिला. आवडाबाई झोपली होती आणि बोलत नव्हती.

रविवारी सकाळी साडेसातला ती बोलली.

गणराज तिथेच थांबणार होता. विठोबा तिचे कपडे आणायला घरी निघाला. गाडी चालू केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पुढचे दिवे उघडे आहेत. चिकटपट्टी संपली होती आणि अलिबागची दुकानं अजून उघडली नव्हती. इतक्या वर्षांनी तो रिकाम्या गाडीने दिवे लावून निघाला, आणि त्याला लाज वाटत होती.

नागावला एका हातगाडीवाल्याने त्याला पाहिलं आणि गाडी कडेला ओढली. विठोबाने ब्रेक मारला, काच खाली केली.

"रिकामी हाय रे. पेशंट न्हाय."

"मंग काल कोन होतं?"

"आमची मंडळी."

हातगाडीवाल्याने हातातला दांडा सोडला. "कशी हाय?"

"बोलली," विठोबा म्हणाला. मग काचेबाहेर डोकं काढून त्याने पुन्हा नीट सांगितलं, "बोलली सकाळी."

चौलच्या उतारावर दोघांना सांगितलं. रेवदंड्याला पाववाल्याला सांगितलं, त्याने दोन पाव खिडकीतून आत टाकले. साळावच्या पुलाजवळ एसटी थांबली, तीही ऐकून गेली. बोर्लीत तर उतरावंच लागलं. जिथे जिथे कोणी कडेला होई तिथे तिथे विठोबा थांबे. गाडी कुठेच विसाच्या वर गेली नाही. मागे पर्यटक हॉर्न वाजवून थकले.

काशीदचे नारळवाले गाडीभोवती गोळा झाले. "काय बोलली पन?"

"माज्याशी न्हाय, नर्सला बोलली. चहात साखर न्हाय म्हनून."

सगळे हसले. त्यांच्या हसण्यात फोन वाजला. गणराजचा होता.

"बाबा, अकरा वाजले. आई विचारतेय. पोचलात का घरी?"

"न्हाय अजून," विठोबा म्हणाला. "नांदगाव आनि मुरूड ऱ्हायलंय सांगायचं."